दोघींचा बाक

मी एक जुना बाक आहे. सांगाडा लोखंडाचा, वर बाभळीची फळी, आणि रंग सरकारी, म्हणजे कोणता ते रंगवणाऱ्यालाही धड सांगता येणार नाही असा. एका सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात, सिस्टरांच्या टेबलामागे मी उभा आहे. दवाखाना भोकरदन तालुक्यातला आहे, एवढंच सांगतो. नाव सांगणार नाही. माझ्यामुळे कुणाला मेमो मिळायला नको. मेमोचं दुखणं मी फार जवळून पाहिलं आहे.

मित्रांनो, माझा जन्म जुन्या जालन्यातला. धान्याच्या आडतींमागच्या गल्लीत राजानंद मिस्त्रींचं वेल्डिंगचं दुकान होतं. दवाखान्याच्या मोडक्या खाटा भंगारात आल्या होत्या, त्यांच्याच लोखंडातून त्यांनी मला घडवलं. मिस्त्रींचा हात चांगला, पण त्या दिवशी त्यांना कुठल्याशा लग्नाला जायची घाई होती. त्या गडबडीत माझे पाय दोन्ही बाजूंनी वीतवीतभर आत जोडले गेले. एकटं माणूस एका टोकाला बसलं की माझं दुसरं टोक वर उठतं. दोघं दोन टोकांना बसली की मी बिलकुल हलत नाही.

दवाखान्याचा माणूस मला न्यायला आला तेव्हा मिस्त्रींनी चूक कबूल करायच्या ऐवजी तिचा नियम केला. म्हणाले, "दोघांचा बाक हाये हा. एकट्यानं बसायचं न्हाई, बस." तो माणूस हसला आणि मला टेंपोत चढवलं. नेमकं तेवढंच त्या दवाखान्याला जमणार नाही, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

पहिली काही वर्षं मात्र जमलं. बेबीनंदा सिस्टर तेव्हापासून इथे आहेत. एका पाळीला दोघी असत. दुपारची इंजेक्शनं आटोपली की दोघी माझ्यावर टेकत, एका डब्यातली भाकरी आणि ठेचा दोघींत होई, पेशंटांच्या तक्रारी आणि सासवांच्या तक्रारी एकाच दमात निघत. माझं त्या दिवसांत कौतुकही झालं. "आपला बाक लई गुणाचा," असं बेबीनंदा सिस्टर म्हणाल्याचं मला आठवतं. मग एक सिस्टर निवृत्त झाल्या, त्यांची जागा रिकामी राहिली. दुसरीची बदली झाली, ती जागाही रिकामी राहिली. खाटा होत्या तेवढ्याच, तीस. पाळीला माणूस एक.

एकटीला माझ्यावर बसायची सोय नव्हती आणि वेळही नव्हता. म्हणून माझ्यावर सलाईनची खोकी आली, घोंगड्या आल्या, जुनी रजिस्टरं आली. बसायचा बाक होतो, त्याचं फडताळ झालं. मी कुरकुरलो नाही. लोखंड कुरकुरतं ते वेल्डिंगच्या जागी, आणि ते ऐकायलाही वॉर्डात थोडी शांतता लागते.

गेल्या वर्षी एक साहेब तपासणीला आले. बेबीनंदा सिस्टर एकट्याच होत्या. एका कोपऱ्यात पोराला झटके येत होते, त्या तिकडे धावल्या, आणि नेमकी दुसऱ्या कोपऱ्यात एका म्हातारीची सलाईन संपली. साहेबांना झटके दिसले नाहीत, रिकामी बाटली दिसली. आठ दिवसांनी मेमो आला. चोवीस वर्षांच्या नोकरीतला पहिला. सिस्टरांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला. अजूनही कधी कधी किल्ल्या शोधताना तो हाताला लागतो आणि त्यांचा चेहरा पडतो.

अशात या वर्षी कार्यालयातून पत्र आलं. जालन्याच्या कॉलेजात नर्सिंगचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या अर्पिता नावाच्या बाई वॉर्डात तीन दिवस दुपारच्या पाळीला बसणार, पेशंटला काय काय सेवा मिळते याच्या घड्याळ लावून नोंदी घेणार. तो अभ्यास जिल्ह्याच्या कार्यालयात जाणार होता. पुढच्या वर्षी कुठे किती सिस्टर द्यायच्या, याचा मेळ तिथे बसवणं चाललं होतं.

आता शहाण्या माणसाने काय करावं? वॉर्ड आहे तसा दाखवावा. पण आमच्याकडे बाहेरचं माणूस वही घेऊन आलं की ती तपासणीच, दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. बेबीनंदा सिस्टरांनी कपाट उघडून हिरव्या चादरी काढल्या. त्यांना आमच्यात साहेबाच्या चादरी म्हणतात. त्या पेशंटसाठी नसतात, तपासणीसाठी असतात, आणि तपासणी झाली की धुऊन पुन्हा कुलपात जातात. सकाळची पाळी करणाऱ्या शालू सिस्टरला त्यांनी दुपारीही थांबायला सांगितलं. राधेश्याम ब्रदरला त्याच्या सुट्टीत बोलावलं. माझ्यावरची खोकी हलवली, मला पुसलं. शेवटी भिंतीवरचा ड्युटी चार्ट काढला, कारण त्यावर प्रत्येक पाळीपुढे एकच नाव होतं. तो कुठे ठेवावा हे सुचेना, तेव्हा माझ्या फळीखालच्या फटीत सारला.

अर्पिताबाई आल्या आणि त्यांना बसायला मलाच दिलं. मधोमध बसायला सांगितलं. तीन दिवस ती मुलगी पाळीतलं खरं फळीखाली घेऊन बसली होती आणि वहीत दुसरंच लिहीत होती.

लिहिण्याची रीत मला आवडली, हे कबूल करतो. दर पाच मिनिटांनी ती मान वर करी आणि सिस्टर काय करताहेत ते टिपी. औषध, ड्रेसिंग, लिखापढी, नातेवाइकांना समजावणं. शेवटचा रकाना होता राहून गेलेल्या कामांचा. तो तिन्ही दिवस कोरा राहिला. कसा राहणार नाही? एकीच्या जागी तिघं पळत होती.

सातव्या खाटेवर धावडा गावचे कचरू आबा होते. लकव्याने एक अंग गेलेलं, पडून पडून कमरेला जखम झालेली. अशा माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. त्याला दोन माणसं लागतात, एकटीचं ते काम नाही. त्यांच्या बायकोचं, आसराबाईंचं, वय सत्तरीचं, अंगात बळ ते किती. एरवी पाळी बदलताना दोघी एकत्र असत तेव्हा, दिवसातून एकदा, फार तर दोनदा जमायचं. या तीन दिवसांत शालू आणि राधेश्याम घड्याळ बघून बदलत होते. तिसऱ्या दिवशी जखमेच्या कडा कोरड्या दिसायला लागल्या.

त्या दुपारी अर्पिताबाई वही मिटून समाधानाने म्हणाल्या की, सिस्टर, असा वॉर्ड मी कुठेच पाहिला नाही, माणसं पुरेशी आहेत आणि सेवाही पूर्ण आहे, मी तसंच लिहिणार. बेबीनंदा सिस्टर हसल्या. मग हसू एकदम थांबलं. शालूची मूळ नेमणूक दुसरीकडची, इथे ती तात्पुरती. माणसं पुरेशी आहेत असं जिल्ह्याला कळलं तर पहिली शालूच परत जाणार. मेमो टाळायला म्हणून केलेलं सोंग शालूवरच शेकणार होतं. सिस्टर तरीही गप्प राहिल्या. पर्समधला कागद त्यांना जड होता, हे मी समजू शकतो. पण मला त्यांचा रागही आला. मी काही नुसता चांगुलपणाचा पुतळा नाही.

तेवढ्यात आसराबाई टेबलाशी आल्या. राजूरच्या गणपतीचा प्रसाद त्यांच्या भाच्याने आणला होता, तो त्यांनी अर्पिताबाईंच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "माय, तू उद्याबी ये. तू आल्यापासून आमच्या माणसाची कूस बराबर बदलून राह्यली. तू गेल्यावर मंग न्हाई जमायचं."

म्हातारीच्या मनात काही नव्हतं. तिने कुणाची चहाडी केली नाही, आर्जव केलं. अर्पिताबाईंनी प्रसाद हातात धरून सिस्टरांकडे पाहिलं आणि विचारलं, मी गेल्यावर का नाही जमायचं?

राधेश्यामने उगीच ट्रे उचलला. बेबीनंदा सिस्टर वाकल्या, माझ्या फटीत हात घातला आणि ड्युटी चार्ट ओढून काढला. कडा मुडपल्या होत्या, त्या त्यांनी तळहाताने सारख्या केल्या.

"मॅडम, तीन दिवस आम्ही तुम्हाला फसवलं," त्या म्हणाल्या. "हितं पाळीला एकच माणूस असतं. शालू सकाळची ड्युटी करून थांबली, राधेश्याम सुट्टीचा आल्ता. मला वाटलं, तुम्हीबी मेमो द्यायलाच आल्या. आता द्यायचा तर द्या. पण माणसं पुरेशी आहेत असं लिहू नका. शालू गेली तर ह्या आबांची कूस मी एकटी बदलू शकत न्हाई."

अर्पिताबाई चार्ट वाचत राहिल्या. त्यांना रागच आला असणार. कॉलेजात तारीख ठरलेली, तीन दिवसांच्या नोंदी पाण्यात. मग त्यांनी त्या तीन दिवसांच्या पानांवर आडवी रेघ मारली आणि विचारलं की उद्यापासून एकच माणूस असेल ना, तर मी सात दिवस येते.

त्या सात दिवसांचं वर्णन मी करत बसत नाही. हिरव्या चादरी कुलपात गेल्या. माझ्या एका टोकाला खोकी परत आली. आबांची कूस दुपारच्या पाळीत तीनदा बदलायची, ती एकदा बदलली जाई, आणि दोन दिवस तर तेही झालं नाही. अर्पिताबाईंचा हात मदतीला शिवशिवायचा. सुरुवातीला त्या बसून राहिल्या, कारण त्यांनी हात लावला तर नोंद पुन्हा खोटी झाली असती. पाचव्या दिवशी मात्र त्यांना राहवलं नाही. त्या उठल्या, सिस्टरांसोबत आबांना वळवलं, आणि वहीत तेही लिहिलं, की हे काम मी केलं, म्हणून झालं. शेवटचा रकाना भरला, मग समासात लिहावं लागलं.

जाताना त्यांनी सिस्टरांना एक प्रश्नांचा कागद भरायला दिला. त्यात विचारलं होतं की, कामाच्या ठिकाणी तुम्हाला कुणाचा आधार वाटतो. बेबीनंदा सिस्टरांनी सगळी उत्तरं भरली, ही ओळ तेवढी कोरी ठेवली. पेन टेकवायच्या आणि उचलायच्या. शेवटी एकच शब्द लिहिला, "शालूचा". कागद दुमडून दिला आणि सहाव्या खाटेचं तापमान घ्यायला गेल्या.

पुढे चार महिने काही झालं नाही. सरकारी कागदाला पाय असतात, पण तेही माझ्यासारखे आत जोडलेले. मग एक दिवस पत्र आलं. शालू इथेच राहणार. शिवाय दुपारच्या पाळीला आणखी एक सिस्टर, सहा महिन्यांपुरत्या. सहा महिन्यांनंतर काय, ते पत्रात नव्हतं. मेमोचं म्हणाल तर नवा आला नाही, आणि जुना पर्समध्येच आहे.

आबा तोवर धावड्याला घरी गेले होते. त्याआधी सहा आठवडे शालू आणि बेबीनंदा आपापल्या पाळ्या संपल्यावर थोडं थांबून त्यांची कूस बदलत होत्या. जखम भरली, पण कुणाच्या वेळातून भरली ते कुठल्या रकान्यात बसत नाही.

परवाची दुपार. नव्या सिस्टरांनी पलीकडच्या रांगेची औषधं आटोपली, बेबीनंदा सिस्टरांनी अलीकडची. माझ्यावरची खोकी कुणीतरी खाली ठेवली. एक एका टोकाला टेकली, दुसरी दुसऱ्या. डबा उघडला. किती वर्षांनी माझ्या दोन्ही टोकांना माणसं बसली, ते मला सांगता येणार नाही. मी हललो नाही.

दारातून एका पेशंटचा नातेवाईक जाता जाता मोठ्याने म्हणाला, बघा, सरकारचा पगार घेऊन बसून राह्यल्या. बेबीनंदा सिस्टरांचा घास हातात राहिला. त्या उठायलाच निघाल्या होत्या.

आबांच्या गोळ्या न्यायला आलेल्या आसराबाई दाराशीच उभ्या होत्या. त्यांनी त्या माणसाची बाही धरली. "बसू दे, बाबा," त्या म्हणाल्या. "दोघी हायेत म्हणून बसल्यात. एकटी असती ना, तर पळताना दिसली असती, अन् तुझं माणूस तसंच पडून राह्यलं असतं."

तो माणूस बाही सोडवून पुढे गेला. सिस्टर परत टेकल्या.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. फळीला तडा गेला आहे, स्टोअरच्या यादीत माझ्या नावापुढे निकामी असं लिहून झालं आहे, आणि सहा महिन्यांतले दोन गेलेही. माझं मागणं मोठं नाही. दवाखान्यात गेलात आणि सिस्टर घटकाभर बसलेली दिसली, तर नाक मुरडू नका. तिच्या शेजारी कुणी बसलेलं आहे का, तेवढं बघा. नसेल, तर तिला नव्हे, ज्यांच्याकडे माणसं द्यायचं काम आहे त्यांना विचारा, की ही एकटी का?