मेहुणा रस्ता ओलांडत होता

प्राध्यापकांनी आपल्या मेहुण्याला पहिल्यांदा ट्रकखाली घातलं तेव्हा त्यांचं लग्न नुकतंच झालं होतं आणि मेहुण्यावर त्यांचा काडीचाही राग नव्हता. उलट लोभच होता. पण शब्दांच्या अर्थाचा अभ्यास करणाऱ्यांना उदाहरणं लागतात, उदाहरणांना माणसं लागतात, आणि परका माणूस ट्रकखाली घालायचा म्हणजे उगाच ओशाळल्यासारखं होतं. घरचा माणूस हाताशी असतो. त्या धंद्यात सगळेच असं करतात. त्यांच्या एका सहकाऱ्याने सासूला निरनिराळ्या विहिरींत ढकलून डॉक्टरेट मिळवली होती, आणि सासूबाई पदवीदानाला नवी साडी नेसून हजर होत्या.

प्राध्यापकांचा प्रश्न दिसायला साधा होता. मेहुणा रस्ता ओलांडत होता. तेवढ्यात ट्रक आला. मेहुणा पलीकडे पोचला नाही. मग जे ओलांडणं झालंच नाही ते चालू होतं, असं आपण छातीठोकपणे कसं म्हणतो? आणि ते खरं कसं ठरतं? एवढ्यावर प्राध्यापकांनी तीस वर्षं काढली, देशोदेशी भाषणं ठोकली आणि डोक्यावरचे होते नव्हते ते केस घालवले. ट्रक शिळा झाला तेव्हा खड्डा आला, मग वीज, मग एक उधळलेला घोडा. मेहुणा घर बांधत होता, भिंत रंगवत होता, नदी पोहून जात होता. बांधून, रंगवून, पोहून मात्र त्याचं एकदाही झालं नाही.

खरा मेहुणा मोठ्या रस्त्यावर चष्म्याचं दुकान चालवायचा. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. भाऊजी भाषेचं काहीतरी करतात, एवढ्यावर तो खूश होता. मग एक दिवस प्राध्यापकांचा जुना विद्यार्थी डोळे तपासायला आला. बोलता बोलता नातं निघालं, तसा तो खुर्चीतून उठलाच.

“म्हणजे ते मेहुणे तुम्ही? अहो, आम्ही परीक्षेत तुमच्यावर पानंच्या पानं लिहिलीत!”

त्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. जाताना आवाज खाली आणून विचारलं, “अजून नाही ना पोचलात?”

मेहुण्याने ताईकडून भाऊजींची सगळी पुस्तकं आणि लेख मागवून घेतले. नेमकी तेव्हाच त्याच्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया ठरली होती, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, त्यामुळे वाचायला वेळच वेळ होता. त्याने पहिल्या ट्रकपासून घोड्यापर्यंत सगळं वाचलं. दाखल व्हायच्या दिवशी दुकानाला कुलूप घातलं, बॅग घेतली आणि तो फुटपाथवर आला. हॉस्पिटल समोरच, रस्त्याच्या पलीकडे होतं. त्याच रस्त्यापलीकडे तो इतकी वर्षं रोज चहाला जात आला होता. आज पाय उचलेना. त्याने कुलूप काढून घडीची खुर्ची बाहेर आणली आणि तिच्यावर ठाण मांडलं.

प्राध्यापकांना बायकोचा फोन आला. “अहो, असाल तसे निघा. हा म्हणतोय, मी न पोचणारा माणूस आहे. संध्याकाळच्या आत दाखल नाही झाला तर तारीख जाईल, आणि डॉक्टर म्हणालेत की पुढच्या तारखेपर्यंत झडप तग धरेल याची खात्री नाही. घोळ तुम्ही घातलाय, तुम्हीच निस्तरा.”

प्राध्यापक धापा टाकत पोचले. मेहुणा मांडीवर बॅग घेऊन वाहनांकडे बघत बसला होता. शेजारी प्राध्यापकांची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

“टॅक्सी करू,” प्राध्यापक म्हणाले.

“टॅक्सीतून ओलांडलं तरी ते ओलांडणंच.”

“मग अँब्युलन्स बोलावतो.”

“दुसऱ्या आवृत्तीत मी कशाखाली आलो, भाऊजी?”

अँब्युलन्सखालीच आला होता. प्राध्यापकांना तेव्हा ती कल्पना फार चमकदार वाटली होती.

“अरे, तू माझा सिद्धांत नीट वाचला नाहीस,” ते खुर्चीशी उकिडवे बसले. “सगळं सुरळीत चालणारी जगं असतात, ट्रक न येणारी. त्या प्रत्येक जगात तू पलीकडे पोचलेला आहेस! म्हणून तर ‘ओलांडत होता’ हे वाक्य खरं ठरतं.”

“बरं झालं. मग तिकडच्याचं ऑपरेशन करून टाका.”

“तुला हवंय तरी काय?”

“एक वाक्य. मेहुण्याने रस्ता ओलांडला. तुमच्या पुस्तकात, छापून. मग उठतो.”

“पण त्यातून सिद्ध काय होतं?” प्राध्यापकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. बायकोने कपाळाला हात लावला. “शिवाय तू ओलांडायच्या आत छापलं तर खोटं नाही का होणार?”

“ट्रकखाली गेलो होतो ते खरं होतं?”

मोठमोठ्या परिषदांत भल्याभल्यांना गार करणाऱ्या प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसला. तो मेहुण्यानेच दिलेला होता, फुकट.

“मीच का, भाऊजी?” मेहुण्याने विचारलं. “दोन सख्खे भाऊ आहेत की तुम्हाला.”

“घालून पाहिलं होतं त्यांना,” प्राध्यापक म्हणाले. “थोरला ट्रकखाली गेला तरी मला काही वाटेना. असलं उदाहरण कुचकामी. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा आता पोचतोय, पोचायला हवा. मला तुझ्याबद्दल तसं वाटायचं. दर वेळी ट्रक आणताना माझा हात जड व्हायचा, शपथ.”

मेहुण्याने मान खाली घातली. बॅगेचे बंद बोटांभोवती गुंडाळले, सोडले. “मग एकदा तरी पोचवायचं होतंत ना,” तो म्हणाला. “फार भीती वाटतेय हो मला.”

हे ऐकून प्राध्यापकांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांना तिथे बसवेना. त्यांनी पिशवीतून नव्या पुस्तकाची, छापखान्यातून तपासायला आलेली पानं काढली. पहिल्याच वाक्यातल्या ‘मेहुणा’वर पेन्सिलीने काट मारली आणि वर ‘प्राध्यापक’ लिहिलं.

“आजपासून रस्त्यात मी. तू सुटलास,” ते म्हणाले, आणि फुटपाथवरून थेट रस्त्यात उतरले.

इथवर ठीक होतं. पण अर्ध्या रस्त्यात त्यांना एक शंका आली. लिहिणारा स्वतःच ट्रकखाली गेला तर वाक्य पुरं कोण करणार? शंका मोलाची होती. ते जागच्या जागी थांबले, पानं पोटाशी धरली आणि समासात टिपण करू लागले. एक मोटार त्यांच्या डावीकडून गेली, एक उजवीकडून. एका बसने करकचून ब्रेक मारला आणि चालकाने खिडकीतून डोकं काढून त्यांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली.

“अहो भाऊजी! मरायचंय का?”

मेहुण्याने बॅग टाकली आणि तो धावला. त्याने प्राध्यापकांची कॉलर धरली आणि चुकार पोराला शाळेत न्यावं तसं त्यांना फरफटत समोरच्या फुटपाथवर नेऊन आदळलं. “अक्कल गहाण ठेवलीत का? तुम्हाला काही झालं असतं म्हणजे? ताईचं काय झालं असतं?”

बायको बॅग घेऊन मागून पोचली. तिने नवऱ्याच्या कानाशी येऊन दातओठ खात सांगितलं, “तोंडातून चकार शब्द काढू नका. त्याच्या लक्षात यायच्या आत त्याला आत घ्या.”

आयुष्यात पहिल्यांदाच प्राध्यापकांनी एका विलक्षण उदाहरणावर काही भाष्य केलं नाही. मेहुणा त्यांची कॉलर न सोडता, त्यांना शिव्या घालत, हॉस्पिटलच्या दारातून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेलं. दारावर लाल दिव्याची पाटी लागली: शस्त्रक्रिया चालू आहे. बाकावरची बाकीची माणसं त्या पाटीकडे बघून धीर धरत होती. प्राध्यापकांना ते जमेना. काहीतरी चालू आहे एवढ्यावरून ते पुरं होईलच असं मुळीच नाही, हे त्यांनीच तर जगाला पटवून दिलं होतं. बायकोने त्यांचा हात हातात घेतला. आज आपण चुकलेले निघावं, सगळी पुस्तकं रद्दीत जावीत, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

दिवा विझला. डॉक्टर बाहेर आले. “झालं.”

“पुरं?” प्राध्यापक उठून उभे राहिले.

“पुरं.”

“मधे काही आलं नाही?”

“काय यायचं होतं?” डॉक्टरांनी त्यांच्या बायकोकडे बघितलं. “छान झालंय सगळं. संध्याकाळी बोलेल तो.”

प्राध्यापकांनी बाकावर बसून पिशवीतून ती चुरगळलेली पानं काढली, पहिलं वाक्य सबंध खोडलं, त्याच्यावर नवं लिहिलं आणि पान बायकोपुढे धरलं.

“वाच बरं.”

“मेहुण्याने रस्ता ओलांडला,” तिने वाचलं. तिचे डोळे भरले होते, तरी नवऱ्याची फिरकी घ्यायची संधी तिने सोडली नाही. “पण त्यातून सिद्ध काय होतं?”

“काहीच नाही गं,” प्राध्यापक म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.