बिनतोंडाची गाडी

टेंपोतून उतरवलेला माल पांड्यानं दोनदा फिरून पाहिला, तरी त्याच्या मनाला पटेना. अँबेसेडर मार्क टूचं पुढचं सगळं तोंड होतं ते: बोनेट, दोन्ही मडगार्ड, गोल दिव्यांच्या खोबणी आणि मधली चौकटी-चौकटींची जाळी. भिवंडीत अकरा वर्षं डेंटिंगचं काम करताना अशी जाळी त्याच्या हाताखालून एकदाच गेली होती.

"हे माझ्या गाडीला बसवायचं," कमलेश म्हणाला.

कमलेश जव्हारच्या एका निवृत्त गुरुजींचा मुलगा. लग्नाआधीचे फोटो काढून द्यायचा त्याचा धंदा. गुरुजींची पांढरी मार्क फोर तो मोखाड्याला पांड्याच्या गॅरेजवर घेऊन आला होता. "पोरापोरींना फोटोत जुनी गाडी लागते, पांडूदादा. माझी जुनी आहे, पण जुनी दिसत नाही."

"आणि हिचं तोंड काढलं की त्याचं काय करायचं?"

"ते मंगेशशेठना. अदलाबदल केलीय. त्यांच्या मार्क टूला माझं बसेल."

पांड्यानं हात पुसायला चिंधी घेतली आणि पुसतच राहिला. मार्क टूचं तोंड मिळावं म्हणून हौशी लोक नाशिकपासून मुंबईपर्यंतची भंगारं उपसतात. ते उतरवून कुणी मार्क फोरचं लावून घेतल्याचं त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"का पण?"

"दिव्यांचा उजेड कमी पडतो म्हणे."

"दिवे दोन्हीचे गोलच. उजेड बल्बचा पडतो."

कमलेश हसला. "दादा, तुम्ही डेंटिंगवाले का सीआयडी?"

गॅरेजच्या मागच्या बाजूला, पत्र्याच्या सावलीत एक खाट होती. खाटेवर सोम्या होता, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. कमलेशची नजर तिकडे गेली. "यांना काय झालं?"

"झाडावरून पडला," पांड्या म्हणाला. असं खोटं आपण का बोललो, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. कमलेशनं पुढं काही विचारलं नाही. दहा दिवसांत गाडी द्या, एवढं सांगून तो टेंपोत बसून गेला.

सोम्या पांड्याचा मेहुणा, सूर्यमाळचा. बावीस दिवसांपूर्वी, श्रावणातल्या एका गुरुवारी सकाळी साडेसातच्या सुमारास, डोक्यावर पावसासाठी बांबूच्या कामट्यांचं इरलं घेऊन तो सूर्यमाळची चढण उतरत होता. धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. मागून गाडी आल्याचं ऐकून तो वळला, तेवढ्यात तिनं त्याला उडवलं. वळणावर ती क्षणभर थांबली आणि निघून गेली. दवाखाना जवळ पडावा म्हणून तेव्हापासून तो बहिणीकडे होता. पोलिसांना त्यानं सांगितलं, गाडीच्या तोंडाला खिडकीसारखी चौकटींची जाळी होती. नंबर दिसला नाही. कागदावर 'अज्ञात वाहन' असं लिहिलं गेलं. जाताना गाडी मागच्या पायानं लंगडत होती, असंही तो म्हणाला होता, पण ते कुणी लिहून घेतलं नाही.

दुपारी पांड्याची बायको फागी भाकरी घेऊन आली आणि जाळीसमोर उभी राहिली. भावाच्या तोंडून त्या जाळीचं वर्णन तिनं वीसेक वेळा तरी ऐकलं असेल.

"हीच ती," ती हळू आवाजात म्हणाली. "आन् तुमी ती बसवून द्यायला घेतली?"

"अजून पान्याला हात लावला नाय."

"तुमच्या कमलेशनंच पाडलं माझ्या भावाला. आता तोंड बदलून फिरंल."

"त्याच्या गाडीला ही जाळी नव्हतीच. ही तर तो आता लावणारे."

"मग आधी असंल, काढली असंल. गाड्यांचं तुमाला कळतं. माणसांचं मला कळतं."

तिचा संशय चुकीच्या माणसावर होता असं पांड्याला वाटत असलं, तरी नुसत्या वाटण्यावर कुणाला सोडता येत नाही आणि धरताही येत नाही. भाकरी तशीच ठेवून तो कमलेशच्या गाडीखाली शिरला. मडगार्डाचे बोल्ट बॅटरीच्या उजेडात एकेक करून पाहिले. प्रत्येकाच्या डोक्यावर जुना रंग अखंड होता. पाना लागला असता तर रंग कोपऱ्यावर उडाला असता. या गाडीचं तोंड कारखान्यातून आल्यापासून कुणी काढलं नव्हतं.

"ही नव्हं," खाटेवरून सोम्या म्हणाला. डोळे मिटलेलेच होते. "सकाळी आत आली तवाच ऐकली मी. हिचे पाय निराळे."

"गाडीला कसले पाय?" फागी करवादली.

"बोहाड्यात मी सोंग घेऊन नाचतो, तवा मुखवट्यात मी दिसतो कं कुनाला? तरी बायका सांगत्यात, सोम्या आला. पाय बघून सांगत्यात. तुबी सांगतेस."

फागी खाटेच्या कडेला टेकली. भावाचा पाय या बोहाड्यापर्यंत नाचण्याजोगा होईल की नाही, ते डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. घरात तो विषय कुणी काढत नव्हतं, आणि आज त्यानंच काढला.

पांड्यानं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक फडक्यात गुंडाळलं आणि आलेल्या तोंडावरून फिरवायला सुरुवात केली. खाली पत्रा असला की चुंबक धरतं. पोचा बुजवायला पत्र्यावर लांबीचा लेप भरलेला असला की सुटतं. बोनेटवर धरलं. उजव्या मडगार्डावर धरलं. डाव्या मडगार्डावर, दिव्याच्या वर वीतभर जागेत ते तीनदा हातातून निसटलं. त्यानं पॉलिश पेपरानं रंग उतरवला. खाली लांबी होती, ताजी, नखानं ओरखडा पडेल अशी. उजव्या दिव्याची कडी जुनी आणि काळवंडलेली, डाव्याची कोरी.

ती कोरी कडी काढून त्यानं खोबणीत बोटं घातली. चिखल, गवत, आणि पत्र्याच्या दुमडीत घट्ट बसलेलं काहीतरी. पकडीनं ओढलं तर बांबूची कामटी आली, चार बोटं लांब, एका कडेनं काळी.

त्यानं ती सोम्याच्या हातात ठेवली.

सोम्यानं ती नाकाशी नेली, अंगठ्यानं कड चोळली. "माझ्या इरल्याची हाय. कडेची कामटी मी चुलीच्या धुरावर धरतो, कीड लागू नये म्हनून. बाकी कुनी धरत नाय. आळशी हायत."

आता हे तोंड कमलेशच्या गाडीला बसवून देणं म्हणजे मंगेशची गाडी आपल्याच हातानं सोडवणं, हे पांड्याला कळून चुकलं. उद्या रस्त्यात कुणी ही जाळी ओळखली असती, तरी बोट कमलेशकडे गेलं असतं. पण नुसती कामटी दाखवून भागणार नव्हतं. मंगेश रस्त्याच्या कामांचा ठेकेदार. सूर्यमाळला त्याचं शेतघर. हे तोंड मीच मागच्या आठवड्यात कुणाकडून तरी घेतलं, असं तो सहज म्हणाला असता, आणि तो 'कुणीतरी' कधीच सापडला नसता. त्याची गाडीच समोर यायला हवी होती.

पांड्यानं कमलेशला फोन लावला. "तुमचं तोंड त्यांच्या गाडीला असंच बसायचं नाय. भोकं जुळवावी लागतील. गाडी इथं पाठवा म्हणावं."

"ते तयार नाहीत, दादा. जव्हारलाच बसवतो म्हणतात."

"मग तुमचंबी काम थांबलं. दोन्ही एकदम केल्याशिवाय मी हात लावणार नाय."

कमलेश म्हणाला, "बघतो."

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला गाडी आली. मंगेश स्वतः चालवत होता. पुढं बोनेट नाही, मडगार्ड नाही, दिवे नाहीत. नुसता रेडिएटर, त्यामागं प्लास्टिकच्या कागदानं झाकलेलं इंजिन आणि दोन्ही बाजूंना उघडी चाकं. मागं मोटरसायकलवर कमलेश.

पांड्यानं सोम्याची खाट आधीच फिरवून ठेवली होती, तोंड भिंतीकडे. गॅरेजच्या तोंडाशी गटारावर दोन फरश्या टाकलेल्या होत्या. कमलेशची गाडी त्यांवरून मुकाट आत आली होती. मंगेशची पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली आणि डाव्या बाजूला खण्‌ करून आवाज झाला, उतरताना पुन्हा. मागच्या स्प्रिंगच्या पाट्याचं एखादं पान तुटलेलं असणार. गाडी डावीकडे कलत, ढुंगण टाकत आत आली.

"हीच," भिंतीकडे तोंड करून सोम्या म्हणाला.

मंगेश खाली उतरला. "कोण आहे हा?"

"माझा मेव्हणा. चावी द्या शेठ, गाडी रॅम्पवर घेतो."

मंगेशनं चावी दिली. पांड्यानं ती फागीकडे दिली, फागीनं पदराच्या टोकाला बांधली आणि ती गाडीच्या मागं, फरश्यांवर जाऊन बसली.

मग पांड्यानं कामटी दाखवली. "तुमच्या डाव्या मडगार्डात व्हती."

"रानातला रस्ता आहे. काहीही अडकतं."

"वळणावर थांबला व्हतात," सोम्या म्हणाला. आता त्यानं मान वळवली होती. "काच खाली घेतलीत. मी हात वर केला. मग काच वर गेली."

एवढं धुक्यात कसं दिसलं, असं मंगेश विचारू शकला असता. त्यानं नाही विचारलं. तो पांड्याकडे वळून म्हणाला, "बसून बोलू. आपल्याला एकाच भागात राहायचंय."

"बोलू की. आधी तुमचं तोंड तुमच्या गाडीला परत बसवतो. चार तास लागतील. मग तीच गाडी घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ, तिथं बसून बोलू."

मंगेश फोन कानाला लावत फागीला वळसा घालून रस्त्यावर गेला. तो गावात गेला की जव्हारच्या दिशेनं, ते पाहायला कुणी उठलं नाही. गाडी आत होती, चावी पदराला होती.

पांड्यानं डावं मडगार्ड उचलून जागेवर धरलं. भोकं तंतोतंत जुळली.

"मला माहीत नव्हतं, दादा," कमलेश म्हणाला.

"पाना दे."

कमलेशनं पेटीतून बरोब्बर हवा तोच पाना काढून पुढं केला. पांड्यानं त्याच्या हाताकडे पाहिलं. तो खरं बोलतोय की खोटं, ते त्यावरून ठरवता येत नव्हतं. त्यानं पाना घेतला आणि पहिला बोल्ट आवळला.