गँगच्या खांद्यावर

येडू मुकादम पहाटे झोपेतच गेला. नव्वदी ओलांडून, कुणाला अंथरुणाशी बसायला न लावता. दुपारपर्यंत जेऊरच्या त्या आळीत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि भर अंगणात मायलेकरांची जुंपली.

"आये, वैकुंठरथ बोलावलाय. आत्ता यील," अजिनाथ म्हणाला.

"माघारी धाड," केराबाईनं फटकारलं. "माजा मालक गाडीतनं जायचा न्हाय. गँगच्या खांद्यावरनंच जानार."

"अगं, गँग म्हंजे ही? बघ की जरा त्यांच्याकडं! रस्त्यात पाडलं म्हंजे?"

ओसरीवर बसलेले गँगचे सहा म्हातारे खरंच बघण्यासारखे होते. एकाचा गुडघा कामातून गेलेला, एकाला ऐकू यायचं नाही, होटगीहून सकाळीच आलेला चन्नप्पा तर बसल्या जागी धापा टाकत होता. आणि येडू मेला तरी अंगानं भरदार होता. केराबाईलाही ते दिसत होतं, पण लेकापुढं कबूल करील तर ती केराबाई कसली!

एके काळी रेल्वेचे रूळ उचलायला यंत्रं नव्हती. गँगची माणसंच उचलायची, आणि सगळ्यांचा जोर एकदम लागायचा तर हाक लागायची. ती हाक येडू द्यायचा. जत्रेत रात्र रात्र ढोल घुमवणारा धनगराचा गडी, ताल त्याच्या अंगातच मुरलेला. ओळ त्यानं फेकायची, गँगनं 'हैय्या' म्हणायचं, की रूळ वर! आणि ओळ म्हणजे नुसती टिंगल. कधी साहेबाची ढेरी, कधी चन्नप्पाची सासू. हसणारा माणूस दुप्पट ओझं उचलतो, असं तो छातीठोक सांगायचा. गँगमधला कुणी गेला तरी रीत तीच. गँगनं उचलायचा, येडूनं हाक द्यायची, आणि मेलेल्याचीसुद्धा टिंगल करायची. कितीतरी जणांना त्यानं असं हसतखेळत पोचवलं होतं. आता त्याच्यासाठी हाक कोण देणार?

चन्नप्पा पुढं झाला. म्हातारे तिरडीला भिडले.

"देवमानूस गेला रं..." चन्नप्पानं गळा काढला.

'हैय्या' कसलं, नुसते हुंदके आले. तिरडी एका अंगानं वर, दुसऱ्या अंगानं भुईलाच. अजिनाथनं धावत येऊन सावरली म्हणून बरं.

"झालं समाधान? मी रथवाल्याला फोन लावतो."

"थांब!" केराबाई कडाडली. "देवमानूस म्हनं! चन्नप्पा भावजी, ह्यो जित्ता असता तर तुमच्या कानाखाली जाळ काढला असता."

"वैनी, मुकादमाची टिंगल माज्या तोंडातनं न्हाय यायची."

"मग सरका. मी जल्मभर दुसरं काय केलंय?"

तिनं पदर खोचला, तिरडीच्या म्होरं उभी राहिली आणि खणखणीत आवाजात ओळ फेकली.

"तोंडात दात न्हाय येक!"

म्हातारे चपापले. एकमेकांकडं बघायला लागले. मग चन्नप्पाच हळूच म्हणाला, "हैय्या."

"म्हनतो, मटनाचं हाड फेक!"

"हैय्या!"

"ढोल घितो उशाला!"

"हैय्या!"

"मग बायकू केली कशाला!"

सगळी आळी खदखदून हसली, रडणाऱ्या लेकीसुद्धा हसल्या, आणि त्या हसण्यात तिरडी सरळ वर आली. कुठं झोल नाही की कलणं नाही.

वेशीपाशी बायका थांबल्या. केराबाई थांबली नाही.

"आये, बायका हितनं माघारी जात्यात," अजिनाथ कुजबुजला.

"व्हय का? मग हाक तू दे."

पोरगा गुमान बाजूला झाला. केराबाई पुढं, गँग मागं. रस्ताभर तिनं नवऱ्याचं एकेक बिंग फोडलं. लेकीच्या बारशाला जत्रेत रमला ते सांगितलं, सासऱ्याला रेल्वेच्या फाटकात अडवून ठेवला ते सांगितलं. लोक दारात येऊन हसत होते आणि डोळे पुसत होते. म्हाताऱ्यांची पावलं तिच्या तालावर पडत होती, आणि केराबाईला त्याचा मनापासून अभिमान वाटत होता.

रानात सरण रचलेलं होतं. गँग सरणापाशी येऊन उभी राहिली, पण तिरडी काही खाली येईना. अजिनाथला कळेना. केराबाईला मात्र कळलं. उचललेलं ओझं गँग हाकेशिवाय ठेवत नाही, नाहीतर एकानं आधी सोडलं की दुसऱ्याचा पाय जातो.

वाटभर ओळीवर ओळ सुचत होती. आता एकही सुचेना. एकदा खाली ठेवला, की पुन्हा कुठल्याच हाकेनं तो उठायचा नव्हता. म्हातारे घामाघूम झाले, कुणाचे पाय लटपटायला लागले, पण एकानंही खांदा काढला नाही.

"वैनी," चन्नप्पा म्हणाला, "हाक द्या की."

माघारी काहीही म्हणो, नवऱ्याला तोंडावर अरेतुरे तिनं कधी केलं नव्हतं. समोर टिंगल केली तीही 'तुमी' म्हणूनच. ती तिरडीजवळ गेली आणि त्याच्या पायांवर हात ठेवला.

"उतर आता खाली," ती म्हणाली. "लई मिरवलास."

कुणी हसलं नाही. सहाही जण एकदम वाकले, आणि येडूला जरासुद्धा धक्का न लागता त्यांनी त्याला लाकडांवर ठेवलं.