मशीन चालू असेपर्यंत

"आज बूट कशाला घातलेस?" नवऱ्याने विचारलं. सिस्टरने त्याच्या हातातल्या सुईवर नुकतीच चिकटपट्टी लावली होती आणि डायलिसिसचं मशीन घरघरायला लागलं होतं.

तिने पायांकडे पाहिलं. खरंच की. सकाळी लेकीची वेणी घालण्याच्या गडबडीत धावायचेच बूट चढवले गेले होते.

"सवय," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

शर्यत रविवारी झाली होती. किडनीच्या गरीब रुग्णांना मदत करणाऱ्या संस्थेसाठी तिने ओळखीपाळखीत सगळीकडे हात पसरले आणि अर्ध मॅरेथॉन रडतखडत का होईना, पुरी केली. संस्थेने तिच्या टी-शर्टवर नवऱ्याचा फोटो छापला होता. आजाराआधीचा, गाल भरलेले असतानाचा. शेवटच्या रेषेपाशी अनोळखी बायका गळ्यात पडल्या. "नवऱ्यासाठी धावलीस गं बाई!" टाळ्या झाल्या, हार झाले, विषय संपला.

संपला, हीच पंचाईत होती. वर्षभर तो मशीनला जोडला गेला की ती हॉस्पिटलमागचा रस्ता धरायची. लेक शाळेत, दुकानातून सुट्टी, हाक मारायला कुणी नाही. एरवी दिवस जायचा तो अल्टरेशनच्या दुकानात लोकांच्या पँटी आखूड करण्यात, आणि घरी त्याची औषधं, त्याचं मोजकं पाणी, लेकीचा अभ्यास यांत.

"एवढं पळून परत इथंच येतेस होय!" दुकानाचे मालक हसायचे.

नणंद हसायची नाही. "दादा सुयांवर आणि वहिनी रस्त्यावर," असं ती ऐकू जाईल इतक्या हळू म्हणायची. तेव्हा निदान उत्तर तरी असायचं. संस्थेसाठी पळते. त्याच्यासाठीच पळते.

"काय गं, आज दांडी?" शेजारच्या पलंगावरच्या काकांनी विचारलं.

"झाली की शर्यत, काका."

"सुटलीस बाई. बस आता निवांत."

ती निवांत बसली. नवऱ्याची उशी सरकवली, चादर ओढली, परत ओढली. पोटऱ्या अजून ठणकत होत्या, आणि तरीही स्टुलाखाली पाय काही जागेवर राहीनात.

"चादर फाटेल," तो म्हणाला. मग छताकडे बघत, "पळताना माझा विचार करायचीस?"

हो म्हणायला काय लागत होतं? टी-शर्टवर छापलेलंच होतं. पण ती फार दमली होती, आणि खोटं बोलायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"सुरुवातीला करायचे. पहिल्या वळणापर्यंत."

"मग पुढे कुणाचा?"

"कुणाचाच नाही रे. त्यासाठीच तर जायचे."

त्याने मान भिंतीकडे वळवली. नळीतून त्याचं रक्त जात होतं, येत होतं. आता हे बोलणं परत घेता येणार नाही, तिला वाटलं. घरी गेल्यावर तो जेवणार नाही, नणंदेला फोन करील, आणि यापुढे दर खेपेला तिला या स्टुलावर असंच बसावं लागेल. बसू या. दुसऱ्या बायका बसतातच. ती बुटाची नाडी सोडायला वाकली.

"ऊन चढेल," तो भिंतीशीच बोलल्यासारखा म्हणाला. "जायचं तर आत्ता जा."

"रागावलास?"

"हो." त्याने मोकळ्या हाताने चादर वर ओढून घेतली. "पण जा तू."

ती गेली. धावणं कसलं, फरपटच होती. गुडघे कुरकुरत होते, छातीवर आज कुणाचा फोटो नव्हता, आणि वाटेत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वळण गेलं तेव्हाही तोच डोक्यात होता. बऱ्याच उशिरा, बंद कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी, डोकं रिकामं झालं.

घामाने निथळत ती परतली तेव्हा वॉर्डचं दार अर्धवट उघडं होतं. आतून काकांचा आवाज आला, "गेली का परत? आता कुठली संस्था?"

"संस्था नाही हो, काका."

"मग? तुझ्यासाठीच ना?"

"माझ्यासाठीही नाही." तो म्हणाला. "तिला आवडतं पळायला. कुठवर जाते, काय बघते, मी कधी विचारलंच नाही बघा. पण रविवारी सगळ्यांत शेवटी आली ना, तरी थांबली नव्हती ती..."

तो सांगत होता. दमून दमून, मध्ये श्वास घेत, पण सांगत होता.

तिचा हात दाराच्या कडीवर गेला होता तो तिने काढून घेतला. बाहेरच्या भिंतीला पाठ टेकून ती उभी राहिली, त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत.