घरी जोडलेलं

चौतिसाव्या पानावरचं हृदयाचं चित्र तिने बोटभर मोठं केलं आणि पडदा काळा झाला. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर थांबली, त्याच्या डब्याचा निळा दिवा विझला. डोक्यावरचा पंखा मात्र काही घडलंच नसल्यासारखा फिरत राहिला.

"गेलं?" बाहेरच्या खोलीतून बाबांनी विचारलं.

"गेलं."

"घरी जोडलेलं म्हणजे हे असंच. कंपनीचं घेतलं असतंस तर असा जीव खाल्ला नसता त्याने."

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाची पानं लावायचं काम तिच्याकडे होतं, आणि शुक्रवारी दुपारी चारला फाइल छापखान्यात पोचायला हवी होती. नोकरी सुटल्यानंतर मिळालेलं हे पहिलं मोठं काम. ते नीट झालं तर पुढच्या चार पुस्तकांचं बोलणं होतं. कॉम्प्युटरही तिने त्याच दिवसांत स्वतः जोडला होता; एकेक भाग आणून, व्हिडिओ थांबवत थांबवत, जेवणाच्या टेबलावर. सात महिने तो कुरकुर न करता चालला. आणि आता दोन दिवस हे असं. सुरू व्हायचा, अर्धा-पाऊण तास नीट चालायचा, मोठ्या चित्रांची पानं उघडली की मान टाकायचा.

तिने पुन्हा बाजूचं झाकण काढलं. पहिल्या दिवशी केबल बदलून झाली होती. मेमरीच्या पट्ट्या काढून, पुसून परत बसवल्या होत्या. प्रोसेसर तापतोय की काय म्हणून त्याच्यावरचा जुना लेप खरवडून नवा लावला होता. आता आत वीज पुरवणारा सप्लायच उरला होता. तो गेला असेल तर एक वेळ ठीक. पण जाता जाता त्याने मदरबोर्डलाही बरोबर नेलं असेल तर? जोडताना माझ्याच हातून काही राहिलं असणार, हे तिने मनाशी धरूनच ठेवलं होतं. नट जास्त आवळला असेल, नाहीतर एखादी पिन वाकली असेल.

"अहो, परत गॅस कशाला बघताय?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "आत्ता तर बघून गेलात."

"सहज," बाबा म्हणाले.

बुधवारी सकाळी तिने कॉम्प्युटरचा डबा चादरीत गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो दिवसभर चालवला. पानं उघडून पाहिली, खेळ लावून पाहिले. संध्याकाळी ती आणायला गेली तेव्हाही तो चालूच होता.

"ताई, मशीन ठणठणीत आहे," दुकानदार म्हणाला. "जोडलंयही छान. वायरी इतक्या नीट बांधलेल्या मी फार कमी बघतो."

"मग घरी का बंद पडतं?"

"मग घरी बघा. भिंतीत."

ती डबा उचलायला वाकली ती तशीच क्षणभर थांबली.

भिंतीत म्हणजे बाबांच्या कामात. बाबा चाळीस वर्षं वायरमन होते. अर्ध्या गावाच्या भिंतींमधून त्यांच्या हातची वायर धावत होती, आणि या घराची तर बोटभर वायरसुद्धा दुसऱ्या कुणाच्या हाताला लागलेली नव्हती. आपलं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं ते म्हणायचे, आणि समोरचा हसला तर त्यांना राग यायचा. मागच्या वर्षी डोळ्याचं ऑपरेशन फारसं जमलं नाही, तेव्हापासून आईने त्यांची हत्यारांची पेटी कपाटावर ठेवली होती. तरी आठ महिन्यांपूर्वी लेकीचं टेबल या खोलीत आलं तेव्हा त्यांनीच स्टुलावर चढून पेटी काढली आणि कुणाला जवळ येऊ न देता तिथे नवा सॉकेट बसवला.

गुरुवारी सकाळी कॉम्प्युटर चाळीस मिनिटं चालला आणि बंद पडला. मग तिने स्वयंपाकघरातून लांब वायर ओढून आणली आणि तिच्यावर तो लावला. एक तास गेला. दोन तास गेले. चौतिसावं पान झालं, पन्नासावं झालं.

बाबा पाणी प्यायला उठले आणि वायरीपाशी थांबले.

"ही कशाला?"

"बघतेय नुसतं."

ते त्या वायरीकडे बघत राहिले. तिचं एक टोक त्यांनी नजरेने स्वयंपाकघरापर्यंत नेलं, दुसरं तिच्या टेबलापर्यंत. मग पाणी न पिताच आत जाऊन आडवे झाले.

दुपारी त्यांना डोळा लागला असेल असं धरून तिने कॉम्प्युटर बंद केला, मेन स्विच पाडला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन सॉकेटसमोर बसली. पहिला स्क्रू अर्धा निघाला असेल.

"मेन बंद केलास?"

बाबा दारात उभे होते.

"हो."

"तरी टेस्टर लाव. माणसाने स्वतःवरसुद्धा विश्वास ठेवू नये."

तिने टेस्टर लावला. दिवा लागला नाही. उरलेले स्क्रू काढून तिने पट्टी पुढे ओढली आणि तिचा हात थांबला. पांढरं प्लॅस्टिक मागून तपकिरी पडलं होतं, एका कोपऱ्यात पार काळं. एका वायरीचं आवरण वाळलेल्या सालीसारखं कडक होऊन तडकलं होतं. स्क्रूखालून ती वायर नुसत्या बोटाने सुटून आली. भिंतीच्या खाचेतून जळकट भपकारा नाकात गेला.

आणखी काही दिवस हे असंच राहिलं असतं तर, हा विचार तिने तिथेच तोडला आणि घाईघाईने म्हणाली, "मालच हलका असणार, बाबा. हल्ली चांगली वस्तू मिळते कुठे?"

बाबा भिंतीचा आधार घेत खाली वाकले. सॉकेट हातात घेऊन त्यांनी नाकाशी नेला.

"तुला वास येतोय?"

"हो."

"जळका?"

"हो ना."

"नक्की? मी म्हणतोय म्हणून हो म्हणू नकोस."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाबा, चांगलाच येतोय. डोकं दुखेल असा."

"अगं, इकडे ये," त्यांनी आईला हाक मारली. "हातातलं राहू दे. आधी इकडे ये."

आई ओल्या हातांनीच आली. बाबांनी काही न बोलता सॉकेट तिच्या नाकासमोर धरला.

"शी! काय जळलंय हे?"

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. बराच वेळ त्यांनी सॉकेट हातातून सोडला नाही.

"महिना झाला," ते म्हणाले. "मला हा वास येतोय. सकाळी, दुपारी. गॅस बघितला, देवळीतला दिवा बघितला, शेजारी जाऊन आलो. कुठे काही नाही. तुम्हा दोघींना काही जाणवतही नव्हतं."

"मग बोलायचं नाही का?" आई म्हणाली.

"काय बोलायचं? दादाचंही असंच सुरू झालं होतं."

दादा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांना आधी कुठे काही नसताना जळल्याचे वास यायचे. मग ते नावं विसरायला लागले. शेवटच्या वर्षी बाबा भेटायला गेले की ते अदबीने उठून उभे राहायचे आणि विचारायचे, आपण कोण?

आईने ओला हात बाबांच्या खांद्यावर ठेवला. सदऱ्यावर पाण्याची पाच बोटं उमटली. एरवी ते करवादले असते.

"स्क्रू आवळलाय असं वाटलं होतं मला," थोड्या वेळाने ते लेकीला म्हणाले. "दिसत नव्हतं नीट. अंदाजाने केलं. तुझ्या मशीनचा काही दोष नव्हता."

"जाऊ दे हो, बाबा."

"जाऊ दे काय? पेटी काढ. नवा सॉकेट आहे त्यात, खालच्या कप्प्यात. तू बसव, मी सांगतो."

तिने जळलेलं टोक कापलं, वायर सोलली, पिळून स्क्रूखाली घातली.

"आता ओढून बघ," बाबा म्हणाले. "अशी नाही. सासरच्यांचा राग असल्यासारखी ओढ."

"मला सासर कुठंय?"

"मग माझा राग आठव. दोन दिवस काय काय बोललो तुला."

ती हसली आणि तिने जोर लावून ओढली. वायर हलली नाही.

मेन वर केला. कॉम्प्युटर घरघरत सुरू झाला. तिने मुद्दाम सगळ्यांत जड पानं एकदम उघडली. बाबा खुर्ची घेऊन तासभर शेजारी बसले, हाताचा पंजा सॉकेटवर टेकवून. "थंड आहे," असं ते दर दहा मिनिटांनी सांगायचे.

शुक्रवारी तीन वाजता फाइल गेली. पोचल्याचा निरोप आला तेव्हा ती पाठ ताणत उठली आणि पाणी प्यायला बाहेर आली. बाबा फोनवर होते, त्यांच्या जुन्या जोडीदाराशी. तो त्यांच्याबरोबर तीस वर्षं खांबांवर चढलेला होता, आणि त्याच्यासमोर बाबांनी आजवर एकही चूक कबूल केली नव्हती.

"सकाळपासून हा चौथा फोन," आई तिच्या कानाशी म्हणाली. "आपल्याच चुकीची दवंडी पिटतायत."

"अरे, ऐक तरी आधी!" बाबा फोनवर ओरडत होते. चेहरा नुकत्याच झालेल्या नातवाची बातमी द्यावी तसा फुलला होता. "माझ्याच हातचा! मीच बसवलेला! पार कोळसा झाला होता रे... हो, हो, हस, पोट भरून हस. स्क्रू ढिला निघाला." पलीकडून काहीतरी आलं. बाबांनी डोळे पुसले आणि आणखी मोठ्याने सांगितलं, "माझा नाही, लेका. सॉकेटचा!"