मागची लाल पाटी

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला वरदचा पुण्याहून फोन आला. वरद माझा मुलगा. इंटरनेट बघायचा जो ब्राउझर असतो, त्यात एक भोक सापडलं होतं. त्यातून कुणीही आत शिरू शकतं, आणि ते बुजवणारं अपडेट आजच्या आज बसवायला हवं होतं.

"मी सांगतो तसं कर. नाही जमलं तर शनिवारी येऊन कंप्युटर पुण्याला घेऊन जातो. तुला मोबाईल बास आहे."

मोबाईल मला बास नव्हता. माझी धाकटी बहीण इंद्रायणी दुधनीला असते. तिला ऐकू येत नाही, सहा वर्षं झाली. रोज चार वाजता आम्ही कंप्युटरवर समोरासमोर बसतो आणि ती माझे ओठ बघून बोलणं ओळखते. मोबाईलवर माझं तोंड सुपारीएवढं दिसतं म्हणते. सुपारी काय बोलते ते तिला कळत नाही.

वरदच्या बोलण्याला कारण होतं. मागच्या महिन्यात पडद्यावर 'तुमचा कंप्युटर धोक्यात आहे' असं आलं, खाली नंबर होता. मी चौकशीला फोन केला. त्या माणसाने फार आपुलकीने माझीच चौकशी केली. पुढचे दोन दिवस वरद इथे सोलापुरात बसून पासवर्ड बदलत होता.

"वर उजवीकडे तीन ठिपके आहेत, तिथे दाब. आता 'मदत'. त्यात 'ब्राउझरविषयी'."

दाबलं. तिथला आकडा मी आधी वहीत उतरवून घेतला. एक गोल फिरायला लागला. फिरून थांबला.

"उतरलं अपडेट?"

"उतरलं म्हणतोय."

"झालं मग. ठेवतो, जेवण गार होतंय."

"खाली 'पुन्हा सुरू करा' असं बटण आलंय."

"ते होतं आपोआप. आई, किती कीस पाडशील?"

आमचे वडील, अण्णा, होटगीला स्टेशन मास्तर होते. इंजिन दिसलं म्हणजे गाडी आली, असं ते कधी म्हणाले नाहीत. शेवटच्या डब्यामागची लाल पाटी स्वतः बघायची, मग मागच्या स्टेशनला कळवायचं, दोन्हीकडच्या मास्तरांनी एकमेकांना खात्रीचा नंबर द्यायचा आणि वहीत लिहायचा. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात एक मालगाडी आली आणि पाटी दिसली नाही. मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन गेले होते, तिथेच उभी होते. मागे मेल खोळंबलेली, फोनवर साहेब ओरडतोय. अण्णा म्हणाले, "पाटी दिसली नाही, साहेब." आणि वरणभात खायला बसले. मागचे दोन डबे तुटून चार मैलांवर रुळावरच उभे होते.

"पाटी बघितल्याशिवाय झालं म्हणायचं नसतं," मी वरदला म्हटलं.

"कसली पाटी?"

मी बटण दाबलं. ब्राउझर गेला आणि परत आला. पुन्हा तीन ठिपके, पुन्हा 'मदत', पुन्हा 'ब्राउझरविषयी'. आकडा बदलला होता.

"शेवटचे दोन आकडे वाच," वरद म्हणाला.

"शहाण्णव. आधी एक्केचाळीस होते."

"शहाण्णवच हवे होते. बरोबर."

"आता तुझे सांग."

"माझं काय? माझं आपोआप होतं."

"दोन्हीकडचा नंबर लागतो. मी रकाना आखलाय."

तो हसला. बटणं दाबल्याचा आवाज आला. मग हसणं थांबलं.

"वरद?"

"एक्केचाळीस."

"खाली बटण आहे का?"

"आहे."

"दाब की."

"आई, माझी साठ पानं उघडी आहेत. महिनाभर बंदच केला नाहीये."

मी फोन कानाला धरून बसून राहिले. एकेक पान बघून बंद करायला त्याला चाळीस मिनिटं लागली. मधे त्याची बायको जेवण परत गरम करू का विचारून गेली.

"शहाण्णव," तो शेवटी म्हणाला.

मी लिहिलं. "शनिवारी येतोयस ना?"

"कशाला?"

"असाच. जेवायला."

कंप्युटरचं नाव त्यानेही काढलं नाही, मीही नाही.

इंद्रायणी पडद्यावर आली, पूर्ण मापाची. "दोन मिनिटं लेट, अक्का."

मी सावकाश, ओठ नीट हलवत कारण सांगितलं.

"पाटी दिसली?"

"दिसली."

"आणि वरदची?"

"तीही दिसली. उशिराने."

तिने मान डोलावली आणि दुधनीतलं सांगायला लागली.