एकाच खणाची पेटी

मित्रांनो, चर्चच्या मागच्या दाराशी भिंतीला टेकून बसलेली जुनी लाकडी पेटी तुम्ही पाहिली असेल. तीच मी. झाकणावर दोन फटी, पुढे पितळी कुलूप आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. देखणी म्हणावी अशी मी कधीच नव्हते. पण एकदा माझ्यामुळे चांगल्या माणसांवर खोटेपणाचा आळ आला होता, आणि तो कसा फिटला हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म चर्चच्या भिंतीला लागून असलेल्या सुतारकामाच्या दुकानात झाला. सुतारकाका ख्रिस्तीच, पण आमच्यासारखे कॅथलिक नव्हेत. त्यांचे चर्च चौकापलीकडे. मला बनवायला सांगितले ते समोरच्या शिवणकाम करणाऱ्या मावशींनी. त्यांनी कागदावर चित्रच काढून दिले होते. दोन खण हवेत. डाव्या खणात जिवंतांसाठी प्रार्थनेच्या चिठ्ठ्या, म्हणजे कोणाचे आजारपण, कोणाची परीक्षा. उजव्या खणात मृतांची नावे. कॅथलिक लोक आपल्या मृतांसाठीही प्रार्थना करतात, वर्षातला एक महिना तर त्यासाठीच राखून ठेवतात.

सुतारकाकांनी मला एका जुन्या दाराच्या लाकडातून घडवले. रंधा असा फिरवला की हात लावला तर गुळगुळीत. दोन फटी पाडल्या, मधल्या फळीसाठी आत खाचही पाडली, आणि नेमकी फळीच घातली नाही.

"अहो, फळी कुठाय?" मावशींनी विचारले.

"बसवू की नंतर," काका म्हणाले.

ते नंतर काही उजाडले नाही. त्यामुळे चिठ्ठ्या वरून दोन वाटांनी येत आणि माझ्या पोटात एक होत. तेव्हाचे फादर साऱ्या वस्तीला ओळखत. कोण हयात, कोण नाही, हे त्यांना चिठ्ठी उघडताच कळे, म्हणून कोणाचे काही अडले नाही. माझी वर्षे मजेत गेली.

दर रविवारी मावशी मिस्सेची उपासना आटोपून पायरीवर येत आणि त्याच सुमारास काका आपल्या चर्चमधून परतत. मग दोघांची जुंपायची. मागचे दार उघडे असे, त्यामुळे मला सगळे ऐकू येई.

"मेलेल्यांसाठी प्रार्थना कशाला? प्रभूशेजारच्या क्रुसावर चोर होता, त्याला प्रभूने त्याच दिवशी स्वर्गात जवळ केलं. मध्ये तुमची चिठ्ठी कुठं लागली?"

"चोराची आई असती तर तिनं प्रार्थना केली नसती का? तुम्ही मेलात की पहिली चिठ्ठी मी टाकणार, बघाच."

"टाका. मी काही तक्रार करायला येत नाही."

ऐकणाऱ्याला वाटावे, आता हातघाईवर येतात. पण जाताना मावशी न चुकता विचारत, "दम्याचं औषध घेतलं का?" आणि काका न चुकता खोटे बोलत.

मग फादरांची बदली झाली आणि पाठोपाठ बिशपांचे पत्र आले. पाद्री कमी आहेत, माणसे थोडी आहेत, तेव्हा हे चर्च नव्या वर्षापासून बंद. सर्वांनी मोठ्या चर्चला जावे. मोठे चर्च दोन बस बदलून. मावशींच्या सासूबाई चाकाच्या खुर्चीत. रस्ता ओलांडून त्यांना इथे आणता येई. दोन बस त्यांना कशा झेपणार? बंद दाराआड त्यांना घरीच बसावे लागले असते, आणि त्यांच्यासारखे वस्तीत आणखी दहा-बारा जण होते.

"आमच्यात या," सुतारकाका म्हणाले. मनापासून म्हणाले. "आमच्यात मंडळी हात वर करते आणि ठरतं. बिशपच्या पाया पडावं लागत नाही. सासूबाईंच्या खुर्चीसाठी दाराशी उतार मी बांधून देतो."

"तुमच्यात हात वर होतात, आणि नाही पटलं की अर्धे उठून दुसरं चर्च काढतात," मावशी म्हणाल्या. "आमचं भांडण घरातलं आहे. घरात भांडण झालं म्हणून कोणी घर सोडत नाही. उतार बांधायचाच तर आमच्या दाराला बांधा."

मावशींनी कंबर कसली. अर्ज लिहिला: आमचे चर्च उघडे ठेवा. महिन्यातून एकदा पाद्री पाठवा, बाकीच्या रविवारी वचन वाचणे, प्रार्थना चालवणे, आजाऱ्यांना भेटणे आम्ही प्रापंचिक माणसे करू. ज्यांना हे मान्य, त्यांनी नावाची चिठ्ठी पेटीत टाकावी. डाव्या फटीतून.

लोकांनी टाकल्या. मी गळ्यापर्यंत भरले. पण तो महिना नेमका मृतांच्या स्मरणाचा होता, मित्रांनो. उजव्या फटीतूनही नावे पडतच होती.

मला उघडण्याचे काम आले पोस्टमनकाकांकडे. ते निवृत्त, मुलीकडे नुकतेच राहायला आलेले. वस्तीतले कोण जिवंत, कोण नाही, त्यांना काय ठाऊक? शिवाय त्यांचा एक बाणा होता: पोस्टमन दुसऱ्याची चिठ्ठी वाचत नाही, पोहोचवतो. त्यांनी दोनशे बारा चिठ्ठ्या मोजल्या, नीट कागदांवर चिकटवल्या, दोरीने बांधल्या आणि पाठवून दिल्या. मी ओरडून ओरडून सांगितले असते, पण पेटीला तोंड असते ते फक्त घेण्यापुरते.

आठवड्याने उत्तर आले. बिशपांच्या सचिवांनी लिहिले होते: आपल्या अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांत आमच्या दिवंगत बिशपांचे नाव आहे. उरलेल्या नावांवर विश्वास कसा ठेवावा?

कोणा भाविकाने जुन्या बिशपांसाठी प्रार्थना मागितली होती, एवढेच. पण वस्तीभर झाले, कॅथलिकांनी मढी उभी करून सह्या घेतल्या. पोस्टमनकाकांनी तर अंथरूण धरले. मावशी मात्र पत्र घेऊन थेट सुतारकाकांच्या दुकानात गेल्या आणि ते त्यांच्या पटाशीशेजारी ठेवले. काकांनी पत्र वाचले. मग चर्चमध्ये येऊन माझे झाकण उघडले आणि त्या रिकाम्या खाचेवरून कितीतरी वेळ बोट फिरवले.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा बसमध्ये बसले. सुतारकाकांच्या मांडीवर.

बिशपांची खोली साधी होती. लांब टेबल, खिडकीशी पाण्याचा तांब्या. मावशी उभ्याच राहिल्या. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "लबाडी नाही." त्यांची मान ताठ होती.

बिशपांनी काकांकडे पाहिले. "आपण यांच्यापैकीच?"

"नाही. यांचं निम्मं मला पटत नाही," काका म्हणाले. "पण ही पेटी माझी. दोन खण मागितले होते, मी मुद्दाम एकच केला. मेलेल्यांसाठी प्रार्थना नकोच, मग त्यांना वेगळा खण कशाला, असं वाटलं. आजही तसंच वाटतं. पण मत माझं होतं आणि पेटी यांची होती. माझ्या हट्टापायी या बाईवर खोटेपणाचा डाग लागला. तो माझ्या नावावर लिहा."

सचिव काही बोलणार होते. बिशपांनी त्यांना थांबवले, माझ्या आत हात घातला आणि खाच चाचपली. मग सगळे कागद मागवले. मावशी एकेक नाव वाचत गेल्या, "हयात... हयात... हे गेले..." दुपार कलली. शेवटी एकशे पासष्ट जिवंत माणसे शिल्लक राहिली.

"एक वर्ष," बिशप म्हणाले. "चालवून दाखवा." आणि जुन्या बिशपांची चिठ्ठी अलगद सोडवून त्यांनी मावशींच्या हातात दिली. "ही परत पेटीत टाका. त्यांना प्रार्थनेची गरज आहे."

परतल्यावर काकांनी त्याच संध्याकाळी माझी फळी बसवली. आठ दिवसांत आमच्या दाराला उतारही बांधला. ते एक वर्ष अजून चालले आहे, मित्रांनो. मोजायचे बिशप विसरले की त्यांनी मुद्दाम मोजले नाही, हे मला माहीत नाही. उताराच्या कडा आता झिजल्या आहेत. रविवारची भांडणेही चालू राहिली, आणि दम्याच्या औषधाची खोटी उत्तरेही.

गेल्या हिवाळ्यात सुतारकाका गेले.

त्यांना पोचवून मावशी एकट्याच माझ्यापाशी आल्या. हातात चिठ्ठी होती, काकांच्या नावाची. उजव्या फटीवर त्यांनी ती धरली आणि हात तिथेच थांबला. बराच वेळ त्या रडत उभ्या होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुमचंच खरं धरते. त्याच दिवशी प्रभूजवळ पोचलात, म्हणजे जिवंतच. एकदाच हं." आणि चिठ्ठी त्यांनी डाव्या फटीतून आत सोडली. जिवंतांच्या खणात.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. बिजागरी कुरकुरते, तिला तेलाचे बोट लावा. फळी सैल झाली तर खिळा मारू नका, ती काढून नीट घासून परत बसवा. वाद घाला, अगदी खुशाल घाला, पण दुसऱ्याने मागितलेली फळी आपल्या मतापायी अडवून ठेवू नका. आणि मला झाडूनपुसून रिकामी कराल, तेव्हा डाव्या खणाच्या तळाशी एक चिठ्ठी सापडेल. ती तेवढी राहू द्या.